वेणू, अबोली आणि वाढलेला नारळ

नदीच्या काठावर एक इवलंसं गाव होतं आणि गावाच्या टोकाला त्याहून इवलंसं घर. घर कसलं, कुडाच्या चार भिंती आणि वर गवताचं छप्पर! त्या घरात वेणू राहायची. वय वर्षं नऊ, अंगावर ठिगळाचं परकर-पोलकं आणि पाठीवर गुडघ्याशी गप्पा मारणारी लांबलचक वेणी. तिची आई पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण लावायची. बाबा मेंढ्या घेऊन लांबच्या डोंगरावर गेलेले, ते दिवाळीशिवाय काही घरी येत नसत.

आणि घरात होती ठकू. वेणूची धाकटी बहीण, दोन वर्षांची, गोबऱ्या गालांची, दिवसभर वेणूची वेणी धरून मागे मागे फिरणारी.

पण आठ दिवसांपूर्वी ठकूचं अंग तापलं. मग अंगभर बारीक बारीक फोड उठले. आईनं दारावर कडुलिंबाचा हिरवागार डहाळा टांगला आणि शेजाऱ्यांना सांगितलं, "आमच्या घरी देवी आल्यात." तिकडची मोठी माणसं त्या आजाराला असंच म्हणत. आजाराचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, घरी पाहुणी आल्यासारखं गोड बोलायचं, म्हणजे पाहुणी न रागावता आपल्या पावली परत जाते. शेजारीपाजारी मग उंबऱ्याबाहेरूनच चौकशी करू लागले. आणि आठव्या दिवशी ठकूनं पाणी पिणंसुद्धा सोडलं.

"वेणू," आई म्हणाली, "माझ्यानं हिला सोडून हलवत न्हाई. पल्याड सातकुंडीला तू एकलीच जा. सातव्या कुंडाचं तीर्थ आन, लई गार असतं ते. शेवटची नाव दिस बुडायच्या आत सुटती, ध्यानात ठेव."

सातकुंडी म्हणजे केवढी मोठी आणि केवढी जुनी नगरी! ती तिथे एकटी कधी गेलीच नव्हती.

"आन हे बघ," आईनं तिच्या हातात एक नारळ दिला, "आज दिसभर तोंडातनं वंगाळ शब्द काढू नगंस. घरात दुखणं असलं की वास्तुदेव डोईवर घिरट्या घालत असतोय. कवा तथास्तु म्हनंल, नेम न्हाई."

हे मात्र वेणूला सांगायला नको होतं. बांगडी फुटली तर 'वाढली' म्हणायचं, कुंकू सरलं तर 'वाढलं' म्हणायचं, हे तिला दूध पितानाच शिकवलेलं. निघतानासुद्धा 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. पळसाची चार पानं, पाण्याची तुंबडी आणि नारळ झोळीत टाकून ती ठकूच्या कानाशी वाकली.

"ठकू, येते हं मी."

ठकूनं डोळेही उघडले नाहीत. वेणूला इतकं रडू आलं, की ती धावतच घाटावर गेली.

पिराजीकाकांनी तिला नावेत घेतलं आणि ऊन कोवळं असतानाच पलीकडे उतरवलं. म्हणाले, "सांजंला इथंच ये गं, पोरी. दिस टेकला की मी दोर सोडतो. मग कुनाचा बाप आला तरी थांबत न्हाई."

आणि वेणू सातकुंडीत शिरली.

अहाहा, काय ती नगरी! हळदीसारखे पिवळेधमक कळस, त्यांच्यावर फडफडणाऱ्या गुलाबी पताका, घाटाच्या काळ्याभोर पायऱ्यांवर वाळत घातलेली लाल, जांभळी, पोपटी लुगडी. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून गाय आली तर माणसानं भिंतीला पाठ लावून उभं राहावं. गल्लीगल्लीत झेंडूचे ढीग, बुक्क्याच्या पुड्या आणि घंटांची किणकिण. दुसऱ्या कुठल्या दिवशी वेणू हे सगळं डोळे विस्फारून बघत बसली असती. आज मात्र प्रत्येक घंटा तिला 'लवकर, लवकर' म्हणत होती.

पहिलं कुंड तिला पटकन मिळालं, त्यात पोपटी शेवाळ होतं. दुसऱ्यात कासवं होती. तिसऱ्याची वाट विचारली तर एकानं डावीकडे बोट दाखवलं, दुसऱ्यानं उजवीकडे आणि तिसऱ्यानं तिलाच विचारलं, "कुठल्या गावची गं तू? एकटीच? घरी सगळे बरे ना?"

"हो, छान आहेत," वेणू म्हणाली. दुसरं काय म्हणणार? आजारी हा शब्दसुद्धा वंगाळच.

बिचारी कितीदा चुकली! एका गल्लीतून निघावं आणि फिरून पुन्हा कासवांच्याच कुंडाशी यावं. माकडानं तिची भाकरी पळवली. ऊन डोक्यावर आलं. भेटेल तो विचारी, "घरी सगळे बरे ना?" आणि दरवेळी 'हो, छान' म्हणून ती पुढे पळायची. सहावं कुंड गाठेपर्यंत दुपार कलली.

सहाव्या कुंडाच्या पलीकडे देवीची फुलबाग होती. मोगरा, शेवंती, तगर आणि केशरी अबोलीचे ताटवेच्या ताटवे. मधल्या तापलेल्या फरशीवर काहीतरी चिमुकलं पडलेलं तिला दिसलं. फुलपाखरूच असावं. उन्हानं त्याचे पंख आक्रसले होते.

वेणूनं वर सूर्याकडे पाहिलं. थांबायला वेळ नव्हता. तुंबडीत पाणीही घोटभरच होतं. तरी ती खाली बसलीच. तिनं झोळीतून एक पान काढलं, भराभर दुमडून काडी टोचली आणि करंगळीएवढा द्रोण केला. त्यात सगळं पाणी ओतून त्या चिमुकल्या जिवाला अलगद त्यात ठेवलं.

चमचम, चमचम! पाण्यातून केशरी ठिणग्या उडाल्या आणि द्रोणाच्या काठावर एक पिटुकली परी उभी राहिली. अबोलीच्या पाकळ्यांचा झगा, दवबिंदूंचे कानातले आणि गाजराच्या बीएवढं नाक.

"वाचवलंस गं मला!" परी म्हणाली. "मी अबोली. आता तुझ्या तीन इच्छा माझ्याकडे लागल्या. पण नियम आहेत हं! सूर्य बुडेपर्यंतच मागायचं. जे समोर डोळ्यांना दिसतंय, त्याच्यापुरतंच मागायचं. आणि बोललेला शब्द परत घ्यायचा नाही. आम्हां पऱ्यांकडे एका शब्दाला एकच अर्थ असतो."

वेणूला एकच नाव आठवलं. ठकू! पण ठकू कुठे समोर दिसत होती? ती तर नदीपार, कुडाच्या भिंतीआड.

"एवढी घाईत का गं तू?" परीनं विचारलं.

"आमच्या घरी..." वेणू अडखळली. "आमच्या घरी देवी आल्यात."

"अगंबाई!" अबोलीनं टाळ्या पिटल्या. "साक्षात देवी घरी आल्या? केवढं भाग्य! आणि तू इथे हिंडतेस? मी तिथे असते तर त्यांना कायमचं ठेवून घेतलं असतं!"

"नको, नको, नको!" वेणूनं घाबरून तिच्या तोंडावर बोट ठेवलं. बोटाखाली सगळी परीच झाकली गेली. आता हिला समजवायचं कसं? समजवायचं म्हणजे सगळं उघड बोलायचं, आणि तेच तर करायचं नव्हतं.

"तू माझ्या वेणीत बस," ती एवढंच म्हणाली. परी वेणीत जाऊन बसली आणि बघणाऱ्यांना वाटलं, पोरीनं अबोलीचं फूल माळलंय.

फुलबागेच्या टोकाला एक ठेंगणं दगडी दार होतं. दारातून खाली उतरणाऱ्या पायऱ्या आणि तळाशी, दगडी छताखाली, सातवं कुंड, निळंशार, निवांत. आत दहाबारा माणसं तीर्थासाठी बसली होती. दाराशी पांढऱ्या मिशांचे गुरवबुवा उभे होते.

"तीर्थ हवं होय?" ते म्हणाले. "इथली रीत ठाऊक आहे ना? ज्याचं मागणं, त्यानंच या उंबऱ्यावर नारळ वाढवायचा आणि मग आत यायचं. तुझ्यासाठी मी वाढवलेला नाही चालायचा."

वेणूनं नारळ काढला आणि उंबऱ्यावर आपटला. ठक्! काही झालं नाही. पुन्हा आपटला. ठक्! तिची बोटं सोलवटली. आईनं बघून बघून असला दगडासारखा नारळ कुठून आणला होता कोण जाणे. सावल्या लांब होऊ लागल्या होत्या. दिस टेकला की पिराजीकाका दोर सोडणार होते.

"उरक गं पोरी, माणसं खोळंबलीत," आतून कुणीतरी म्हणालं.

वेणू इतकी गडबडली, की विचार करायला सवडच राहिली नाही. "अबोली, अबोली, एवढा नारळ वाढव गं!"

"वाढव? हात्तिच्या, एवढंच?" परी म्हणाली.

आणि नारळ वाढला! आधी भोपळ्याएवढा झाला. मग रांजणाएवढा. मग बैलगाडीएवढा! गुरवबुवा "अरे, अरे, अरे!" करत मागे सरकत आत गेले आणि नारळ दारात गच्च रुतून बसला. शेंडी तेवढी बाहेर डुलत राहिली.

आता काय सांगू तुम्हांला, केवढा गोंधळ माजला! बागेतले माळी धावले, हार विकणाऱ्या बाया धावल्या. सगळे नारळाला ढकलू लागले आणि ओरडू लागले, "अहो, वाढवा! लवकर वाढवा तो नारळ!"

"वाढवा म्हणू नका हो!" वेणू रडकुंडीला आली. "वाढवा म्हणू नका!"

आतून एका म्हातारीचा आवाज आला, "अगं बाई, आत वारा न्हाई राहिला. जीव घाबरा झाला माझा."

वेणू गार पडली. हे सगळं तिच्यामुळे झालं होतं. आता मागायचं काय? शब्द एकच होता. तो तिला ठाऊक होता आणि नेमका तोच तिला नको होता. फोड! नारळ फोड म्हणायचं? ठकूच्या अंगावर फोड उठलेले, आणि आज, घरात दुखणं असताना, आपल्याच तोंडानं फोड म्हणायचं? डोक्यावर वास्तुदेव असला आणि तथास्तु म्हणाला तर?

"पोरी," आतली म्हातारी पुन्हा म्हणाली. या वेळी आवाज फारच बारीक होता.

वेणूनं डोळे गच्च मिटले. "अबोली," ती किंचाळली, "हा नारळ फोड!"

धडाम्! नारळाची शंभर शकलं झाली. आतलं गोड पाणी धबधब्यासारखं पायऱ्यांवरून खाली कोसळलं. दार मोकळं झालं, माणसं डोळे पुसत बाहेर आली आणि पायांशी पडलेलं गाडीभर खोबरं बघून हसूही लागली. वेणू मात्र हसली नाही. उरलेल्या पानांचा मोठा द्रोण दुमडत ती पळत पायऱ्या उतरून कुंडाशी गेली.

कुंडाचं निळं पाणी दुधी झालं होतं. त्यावर नारळाच्या शेंडीचे धागे तरंगत होते.

"आज तीर्थ नाही देता यायचं, बाळ," गुरवबुवा हळूच म्हणाले. त्यांना राग आला नव्हता, तेच तिला जास्त लागलं. "कुंड उपसावं लागेल. परवा ये."

परवा! वेणू तिथेच पायरीवर मटकन बसली. हातात रिकामा द्रोण होता. ठकूला परवापर्यंत धीर निघणार होता का? हा प्रश्न मनात आला आणि तिनं तो लगेच मागे ढकलला, कारण मनातलंसुद्धा वास्तुदेवाला ऐकू जात असेल.

"अजून एक इच्छा आहे," वेणीतून परी म्हणाली. "पाणी निळं करू?"

वेणूनं तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात वरून कण्हण्याचा आवाज आला. आत अडकलेल्या त्या म्हाताऱ्या, भिवराआजी, ओल्या पायरीवरून घसरल्या होत्या. पाय मुरगळून घोटा सुजला होता.

"आता कशी गं मी नावेला पोचनार?" आजी म्हणाल्या. "लेक वाट बघत असंल. मला वाहून न्यायला कोन हाय हितं?"

पायऱ्या ओल्या कुणी केल्या? वेणूनं दुधी पाण्याकडे पाहिलं. एकदा, दोनदा. तिच्या गालांवरून पाणी ओघळलं.

"अबोली," ती म्हणाली, "आजींचा पाय बरा कर."

केशरी चमचम झाली, सूज उतरली आणि आजी टुणकन उभ्या राहिल्या. तिसरी इच्छाही झाली. आता वेणूपाशी काहीच नव्हतं.

दोघी घाटाकडे धावल्या. सूर्य लालभडक होऊन नदीला टेकत होता. पिराजीकाकांनी दोर हातात घेतलाच होता. "चला, चला, लौकर!" ते ओरडले. दोघी नावेत चढल्या आणि नाव सुटली.

आजी दमून बसल्याबसल्या पेंगू लागल्या. वेणू नावेच्या टोकाशी जाऊन बसली. पाणी सोनेरी होतं, वारा गार होता आणि तिच्या हातात रिकामा द्रोण होता.

परी तिच्या खांद्यावर येऊन बसली. "सूर्य बुडला की मी जाणार," ती म्हणाली. "पण तू अशी का गं रडतेस? घरी देवी आल्यात, आता तर तू त्यांच्याकडेच चाललीस."

आणि मग वेणूला राहवेना. दिवसभर दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"देवी म्हणजे देवी नाही गं! ठकू आजारी आहे! माझी ठकू! तिचं अंग जळतंय, ती पाणी पीत नाही, डोळे उघडत नाही. आणि ती मरेल, अशी मला भीती वाटते. सकाळपासून भीती वाटते. तीर्थ माझ्यामुळे गेलं!"

बोलून झाल्यावर ती अंग चोरून बसली. आता आभाळातून तथास्तु येणार, असं तिला वाटलं. पण आभाळातून काहीच आलं नाही. वल्ही तेवढी पाणी कापत राहिली.

अबोलीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आजारी?" ती म्हणाली. "आणि मी टाळ्या पिटल्या? वेणू, हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"असं बोलायचं नसतं."

"मला तर असंच कळतं गं." परीनं रिकाम्या द्रोणाकडे पाहिलं, मग सूर्याकडे. सूर्याची चिमूटभर कोर उरली होती. "तुझं मागायचं संपलं. पण माझं द्यायचं उरलंय ना! द्यायला कुणी नियम घातलेला नाही. आणि स्वतःची शेवटची इच्छा दुसऱ्याच्या पायावर ओवाळून टाकणारी मुलगी मला तरी अजून भेटली नव्हती. द्रोण नीट धर."

तिनं पंख पसरले आणि द्रोणात उडी घेतली. केशरी उजेड झाला, मग सोनेरी, मग चांदण्यासारखा रुपेरी, इतका की पिराजीकाकांनी डोळ्यांवर हात घेतला. उजेड ओसरला तेव्हा परी नव्हती. द्रोण काठोकाठ भरला होता आणि पाणी इतकं गार होतं, की वेणूची बोटं बधिर झाली.

वेणू घरी पोचली ती एक थेंबही न सांडता. आईनं विचारलं नाही की तीर्थ मिळालं का. तिनं द्रोण घेतला, ठकूचे ओठ भिजवले, मग कपाळ, मग गाल, मग इवले इवले तळवे. दोघी दोन बाजूंना बसून राहिल्या.

कितीतरी वेळानं ठकूच्या कपाळावर घाम फुटला. आईनं हात लावून पाहिला, मग पुन्हा लावून पाहिला. ठकूच्या पापण्या हलल्या. तिनं डोळे उघडले, वेणूकडे बघितलं आणि कुरकुरली, "वेनू, भूक."

आई तोंडाला पदर लावून रडायला लागली.

"आई," वेणू म्हणाली, "मी आज वंगाळ बोलले. नारळ फोड म्हणाले. ठकू मरेल अशी भीती वाटते, असंसुद्धा म्हणाले. मोठ्यानं म्हणाले."

आता आई रागावणार, म्हणून तिनं मान खाली घातली. आईनं तिला ओढून कुशीत घेतलं. इतकं घट्ट, की वेणूला आईच्या छातीतली धडधड ऐकू आली.

"मलाबी वाटत व्हती गं," आई म्हणाली. "आठ दिस झालं, मलाबी लई भ्या वाटत व्हतं. कुनाला सांगू, कळंना."

मग दोघी खूप रडल्या आणि रडता रडता हसल्या. ठकूला मात्र दोघींचं हसणं नको होतं न् रडणंही नको होतं, तिला मऊ भात हवा होता. आईनं चूल पेटवली. परीच्या पाण्यानं जसं वेणूचं घर निवलं, तसं तुमचं आमचंही घर निवो, आणि भीती वाटली तर ती सांगायला जवळ कुणीतरी असो.